घरातल्या जुन्या वस्तूंना नवं काम : सांगली-साताऱ्याकडच्या युक्त्या इथं लिहा

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. सांगलीतल्या आमच्या जुन्या घराची डागडुजी काढलीय, त्यामुळं माळा रिकामा करायला घेतलाय. तेलाचे पत्र्याचे डबे, आईच्या नऊवारी-सहावारी साड्या, काचेच्या बरण्या, जुने माठ, कुकरच्या ढिल्या झालेल्या रिंगा, रंगाच्या बादल्या, बंद पडलेलं वॉशिंग मशीन, असं बरंच काय काय निघालंय. भंगारवाला किलोवर घेऊन जाईल सगळं, पण यातल्या निम्म्या वस्तू अजून धडधाकट आहेत, नुसतं त्यांचं मूळ काम संपलंय म्हणून वितळवायला पाठवायचं हे काय पटत नाही मनाला. नेटवर शोधलं तर बाटलीला रंग द्या, सीडीचं तोरण करा, असलंच जास्त दिसतं. शोभेचं नकोय मला. वस्तू पुढं चार-पाच वर्षं रोज हाताशी यावी असं काम हवंय तिला. तर तुमच्या घरात खरोखर वापरात असलेलं लिहा, वाचलेलं नको.

वाईची_लेक
मस्त धागा दादा. आमच्याकडं स्ट्रॉबेरीचा सीझन असला की ते पारदर्शक प्लास्टिकचे डबे घरात साठत जातात, वाई-पाचगणी-महाबळेश्वरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या घरी असतील. त्याला खाली आणि झाकणाला आधीच भोकं असतात, हवा खेळावी म्हणून. त्यात कोकोपीट किंवा चाळलेलं शेणखत-माती घालून मिरची, टोमॅटो, वांग्याचं बी टाकायचं, झाकण लावायचं, उजेडात पण थेट ऊन लागणार नाही अशा जागी ठेवायचं. आतला ओलावा टिकतो आणि चिमण्या बी उकरत नाहीत. कोंब वर आला की मात्र झाकण काढायचंच, नाहीतर दमट हवेनं रोपाची मान जमिनीलगत कुजते. वेगळी रोपवाटिका लागत नाही घरापुरती.

पोवईनाका
कुकरच्या रिंगा टाकू नका. गोल बुडाचा माठ, कढई, परात कशाचीही ओट्यावर डगमग थांबते, रिंग खाली ठेवली की झालं. आजी डोक्यावर घागर घेताना जुन्या लुगड्याची चुंबळ करायची, तिचंच काम हे.

तासगावचा_बागायतदार
आमच्याकडं द्राक्षबागेत ठिबकची जुनी लॅटरल ढिगानं निघते, १६ एमएमची काळी नळी. भोकं चोंदली की बागेतनं काढतात आणि बांधावर टाकून देतात, काही जण तर पेटवून देतात, तो धूर लय वाईट. तिचे उपयोग सांगतो, हे सगळे आमच्या वस्तीवर चालू आहेत.

एक म्हणजे नळी लांबीनं एका बाजूनं ब्लेडनं चिरायची आणि पत्र्याच्या कापलेल्या कडेवर दाबून बसवायची. शेडचा पत्रा असूदे, डबा कापून केलेलं सूप असूदे, हात कापत नाही. तुमचे तेलाचे डबे कापणार असाल तर हे आधी करा विश्रामबागकर. बादलीची कडी हाताला रुतते तिथं वीतभर तुकडा चिरून घातला की भरलेली बादली निवांत उचलता येते. आणि सगळ्यात भारी म्हणजे कपडे वाळत घालायची तार, ती पूर्ण लॅटरलमधनं ओवून मग बांधायची, तार गंजली तरी पांढऱ्या कपड्यांवर तांबेरा उठत नाही. काळी नळी उन्हाला टिकते, ती बनवलेलीच उन्हात पडून राहायला असते.

सायकलची जुनी ट्यूबपण तशीच, बोटभर रुंद पट्ट्या कापून ठेवल्या की पाईपची गळती तात्पुरती थांबवायला, विळ्याच्या मुठीला, गाडीवर ओझं बांधायला. सुतळीपेक्षा पकड घट्ट, ताणून बांधली की ढिली पडत नाही.

वाईची_लेक
तारेची आयडिया उद्याच करणार. बघता बघता गंजाचे डाग पडतात आमच्याकडं पावसाळ्यात.

कृष्णाकाठी
तेलाच्या डब्यांबद्दल. १५ किलोचा पत्र्याचा डबा गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून दोन-तीनदा खंगाळायचा, उलटा घालून कडक उन्हात पूर्ण वाळवायचा, शिवणीत ओल राहिली की तिथनंच गंज सुरू होतो. मग ज्वारी-गहू भरायला उत्तम, वर कडुलिंबाचा वाळलेला पाला. पाला पूर्ण वाळलेला पाहिजे हं.

रंगाच्या बादल्यापण चांगल्या जाड असतात, धुऊन त्यातसुद्धा धान्य ठेवता येईल.

शिवारातला
कृष्णाकाठी ताई, रंगाच्या बादलीत धान्य नको, विनंती आहे. आधी त्यात काय होतं ते बघूनच वस्तूला पुढचं काम द्यायचं, माझ्या मते या अख्ख्या धाग्यातली हीच मुख्य गोष्ट आहे. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) आपल्याकडं २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, माळ्यावरनं निघालेली बादली त्याच्या आधीची असू शकते. आणि नव्या रंगातपण बुरशी येऊ नये म्हणून रसायनं असतातच. फरशी पुसायला, झाडांना, सिमेंट कालवायला वापरा, पोटात जाणाऱ्या वस्तूला नको.

आता यापेक्षा गंभीर विषय, तासगाव-पलूस-खानापूर पट्ट्यातल्या सगळ्यांसाठी. औषधाचे कॅन. द्राक्षबागेत फवारणी किती असते ते सगळ्यांना माहितीय आणि ते ५ लिटरचे पांढरे कॅन दिसायला इतके चांगले असतात, झाकण घट्ट, मूठ मजबूत, की मजूर ते मागून नेतात पाण्यासाठी. अजिबात द्यायचे नाहीत. प्लास्टिकच्या भिंतीत औषध मुरतं, ते साबणानं, राखेनं, गरम पाण्यानं कशानंच पूर्ण निघत नाही, वास गेला म्हणजे औषध गेलं असं होत नाही. लेबलवर जो त्रिकोण असतो तो विषारीपणाची पायरी सांगतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा बघून लोक म्हणतात हे सौम्य आहे, पण हिरवा म्हणजे खायच्या वस्तूला चालतो असा अर्थ नाही. कॅन रिकामा झाला की पाव भाग पाणी घालून हलवायचा, ते पाणी फवारणीच्याच टाकीत ओतायचं, असं तीनदा, आणि मग बुडाला खिळ्यानं भोकं पाडायची. भोक पडलं की कुणी पाण्याला नेत नाही. जाळायचा नाही, विहिरीजवळ किंवा ओढ्यात टाकायचा नाही. या एका वस्तूला दुसरा उपयोग शोधायचाच नाही.

तासगावचा_बागायतदार
शंभर टक्के. भोकं पाडायचं काम मालकानं स्वतः उभं राहून करून घ्यावं, गड्यावर सोडू नये.

कृष्णाकाठी
शिवारातला दादा, पटलं. बादल्या बागेला देते. मग प्लास्टिकच्या बाकीच्या बरण्यांचं काय, बिस्किटाच्या, फरसाणाच्या?

शिवारातला
बुडाला त्रिकोणात आकडा असतो तो बघायचा ताई. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, त्यात गरम काही ओतायचं नाही. २ आणि ५ दणकट, कोरडा किराणा आरामात. ६ म्हणजे ते कडकडीत, पटकन तडकणारं, त्यात गरम किंवा तेलकट नको. आणि लोणचं-चिंच असलं आंबट काचेत नाहीतर चिनी मातीच्याच बरणीत, पत्र्याच्या डब्यात कधीच नाही.

हळदीनं पिवळे पडलेले डबे टाकून देऊ नका कुणी. घासून घासून जात नाही तो रंग, पण डबा धुऊन दिवसभर उन्हात उघडा ठेवला की उतरतो, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. आपल्या सांगलीच्या हळदीला तर दोन-तीन दिवस ऊन द्यावं लागतं.

मिरज_जंक्शन
रद्दी पेपरबद्दलपण लिहा कुणीतरी. भडंग, भजी, वडे अजून पेपरात गुंडाळून देतात आणि घरीही तळणाखाली पेपर अंथरतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१६ मध्येच सांगितलंय की छापील कागदात खाणं देऊ नका, शाईतलं सगळं तेलात उतरतं. रद्दी काचा पुसायला सगळ्यात भारी, कपाटाच्या फळीला, ओल्या बुटात बोळे करून कोंबायला. तळणाखाली स्टीलची चाळणी ठेवा.

सुईदोरा
साड्यांचं मी सांगते, कारण आमच्या वडूजच्या घरी अजून वाकळा शिवतात आणि विकतच्या ब्लँकेटला हात लावत नाही कुणी.

दादा, पहिल्यांदा साड्यांचे दोन ढीग करा. सुती एकीकडं, नायलॉन-जॉर्जेट-सिंथेटिक एकीकडं. आईंच्या नऊवारी सुती असतील तर त्या सोनं आहेत, धुऊन धुऊन मऊ झालेल्या, त्या वाकळेच्या वरच्या आणि खालच्या अंगाला जातात, अंगाला लागणारी बाजू सुतीच पाहिजे, घाम शोषते. सिंथेटिक वर घेतली तर वाकळ पलंगावरनं घसरते आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटते, ती आतल्या थरात घाला. सहावारी साडी साडेपाच मीटरच्या आसपास आणि रुंदी सव्वा मीटरच्या आत, म्हणजे आडवी दोनदा दुमडली की एका माणसाचं पांघरूण होतं. किती थर घालायचे ते ज्याच्या त्याच्या थंडीवर, माणदेशात पहाटेचा गारठा असतो म्हणून आमच्या जाड असतात, सांगलीत उकाड्याला दोन-तीन थरांची पातळ केली तरी चालेल.

काठ आधी उसवून काढा. जरीचा काठ टोचतो, शिवाय काठाजवळ कापड आकसलेलं असतं त्यामुळं वाकळेला चुण्या पडतात. काठांची वेगळी लगड करून ठेवा, पिशवीचे बंद, परकराच्या नाड्या, पडद्याची झालर, कशालाही येतात. मग अंगणात नाहीतर गच्चीवर सपाट अंथरायची, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, कुणीतरी दोघींनी ताणून धरायची आणि कच्चा दोरा मारून घ्यायचा. तो नाही मारला की आतले थर सरकून एका बाजूला गोळा होतात आणि मग उसवण्याशिवाय इलाज राहत नाही. पक्का धावटाका कडेनं सुरू करून आत आत फिरत मधोमध आणायचा, बोटाच्या अंतरावर एकेक ओळ. ओळी जितक्या जवळ तितकी वाकळ धुण्यात टिकते. दोरा जाड सुती घ्या, नायलॉनचा दोरा जुनं कापड कापतो. वेळ लागतो खरा, उन्हाळ्याच्या दुपारी शेजारपाजारच्या बायका बसल्या की काम पुढं सरकतं, एकट्यानं करायचं काम नाहीच ते.

सगळ्या साड्या कापू नका एवढंच सांगेन. आईंची एक अख्खी ठेवा, पुढच्या बाळंतपणात दुपट्याला आणि झोळीला लागते.

विश्रामबागकर
सुईदोरा ताई, हे वाचून दाखवलं घरात. बायको आणि वहिनी दोघी तयार झाल्यात. बोहारणीला द्यायच्या म्हणून बांधलेलं गाठोडं परत सोडलं. सिंथेटिक साड्या बऱ्याच जास्त आहेत पण, सगळ्या काय आतल्या थरात मावणार नाहीत.

पाटणखोरं
आम्हाला द्या. खरंच सांगतोय, आमच्याकडं शेताला साड्या लावतात, भुईमूग-मका असला की रानडुकरं रात्रीत वावर उलथंपालथं करतात. खांब रोवून कंबरेएवढ्या उंचीवर साडी ताणून बांधायची, वाऱ्यानं हलते, आतलं पीक दिसत नाही, डुक्कर बिचकतं. कायमचा बंदोबस्त होत नाही यानं, सरावलं की घुसतंच, म्हणून मधनंमधनं रंग आणि जागा बदलायची. सिंथेटिक पावसात कुजत नाही म्हणून तीच बरी पडते. आणि फाटक्यांची पीळ घालून दावी वळतात, जनावराच्या मानेला नायलॉनच्या दोरीसारखी काचत नाहीत.

पोत्याचंपण लिहितो. युरियाचं पोतं, आता ४५ किलोचं येतं ते, धुऊन त्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात घातला की डोक्यावरनं पाठीपर्यंत खोळ होते. भात लावणीला वाकून काम करताना रेनकोटपेक्षा भारी, हात मोकळे राहतात. पोतं मात्र आतनं उलटं करून वाहत्या पाण्यात धुवायचं, खत अंगाला लागलं की खाज सुटते.

आटपाडीकर
जुन्या माठाबद्दल कुणी बोललं नाही अजून. आमच्या भागात झाडं जगवायला माठ पुरतात. डाळिंबाची नाहीतर आंब्याची एक-दोन वर्षांची रोपं असतील तर त्याच्यापासनं हातभर अंतरावर माठ गळ्यापर्यंत पुरायचा, पाणी भरायचं आणि वर ताटली झाकायची. माती सुकेल तसं ती माठातनं पाणी ओढून घेते, ओली असली की ओढत नाही, आपल्याला काही बघावं लागत नाही. वरनं ओतलेलं पाणी निम्मं उन्हानंच उडतं, हे थेट मुळाशी जातं. टँकरच्या पाण्यावर झाडं जगवायची तर यासारखं दुसरं काही नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवायची. पाणी गार होत नाही म्हणून बाजूला ठेवलेला माठ असेल तर त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात, बोअरच्या पाण्यानं होतं तसं. तो तसाच पुरला तर पाणी झिरपतच नाही. त्याच्या बुडाला बारीक भोक पाडा आणि जुन्या सुती कापडाची वात घट्ट ओवा, मग वातीतनं पाणी उतरतं. तडा गेलेला माठ असेल तर मग तो कुंडी म्हणून वापरा.

पोवईनाका
हे काम बाटलीनं आणि सलाईनच्या नळीनं पण करतात, दवाखान्यातनं मागून आणलेल्या.

शिवारातला
वापरलेली सलाईन दवाखान्यातनं आणू नका. २०१६ च्या नियमांप्रमाणं तो जैववैद्यकीय कचरा आहे, दवाखान्यानं तो बाहेर द्यायचाच नसतो. ठिबकचा छोटा नळ कृषी दुकानात अगदी स्वस्त मिळतो, तो पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला बसवा, तेच काम होतं.

कराडकर_काका
माझा विषय थोडा वेगळा आहे, पण नदीकाठच्या प्रत्येक घराच्या उपयोगाचा. ऑगस्ट २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या पुरात कित्येकांची सातबारा, दाखले, बँकेची पुस्तकं, लग्नाचे फोटो सगळं चिखलात गेलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की रुंद तोंडाची, आटे असलेली प्लास्टिकची मोठी बरणी घरात असली तर ती याच कामाला राखून ठेवा. कागद आधी दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांमध्ये वेगवेगळे घालायचे, तोंडाला मेणबत्तीच्या ज्योतीवर हलकं चिकटवायचं, मग बरणीत, झाकणाच्या आट्यांवर वायरमनची चिकटपट्टी दोन वेढे. बरणीवर नाव आणि फोन नंबर पक्क्या शाईनं लिहायचं. पूर आला की ती एक बरणी उचलायची आणि बाहेर पडायचं. जून लागायच्या आत भरून ठेवायची.

आमच्या लहानपणी पोहायला शिकताना पाठीला पत्र्याचा हवाबंद डबा बांधून विहिरीत सोडायचे. त्याच्याही आधीच्या पिढ्या वाळलेले भोपळे बांधायच्या आणि भोपळ्यांची सांगड करून नदी ओलांडायच्या. आता तेच काम पाण्याचा २० लिटरचा जार करतो, झाकण घट्ट असेल तर पाण्याखाली दाबल्यावर तो जवळजवळ वीस किलोचं बळ वर लावतो. घरात असे दोन जार आणि दोरी पावसाळ्यात हाताशी ठेवा, पण एक लक्षात ठेवा, पुराच्या धारेत हे घेऊन स्वतः उतरायचं नाही. बुडणाऱ्याकडं काठावरनं फेकायचा तो.

मिरज_जंक्शन
काका, बरणीचं आजच करतो. आमचं घर मिरजेत उंचावर आहे पण सासुरवाडी हरिपूरला. २००५ ला तिथल्या हळद साठवायच्या जमिनीखालच्या पेवांत पाणी शिरलेलं सगळ्यांना आठवतं, मोठ्या माणसांना कागदांचं महत्त्व सांगावं लागणार नाही.

सुईदोरा
गच्चीवर बादल्या, डबे, टायर, माठ मांडणाऱ्या सगळ्यांना एक सांगणं. बुडाला भोकं पाडल्याशिवाय काहीही उघड्यावर ठेवू नका. डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासनं डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात, नुसतं पाणी ओतून भागत नाही, भांडं आतनं घासायचं. आठवड्यातनं एक कोरडा दिवस पाळा.

विश्रामबागकर
सगळ्यांचे मनापासून आभार. वॉशिंग मशीनच्या ड्रमचं कुणाला काही माहितीय का? स्टीलचा आहे, भोकाभोकांचा, वरनं कपडे घालायचं मशीन. भाऊ म्हणतोय हुरड्याला वापरू.

तासगावचा_बागायतदार
हुरड्याला जमिनीतली आगटीच बरी दादा, गोवऱ्यांच्या धगीत कणीस गाडून भाजायचं असतं, ड्रममध्ये वरनं जाळ लागतो आणि दाणा करपतो. थंडीत शेकायला मात्र ड्रम झकास, भोकांमधनं हवा मिळते म्हणून लाकूड फारसा धूर न करता जळतं. त्याच्या वरची प्लास्टिकची कडी आणि खालचं अ‍ॅल्युमिनियमचं तिकाटणं काढून टाका, प्लास्टिकचा धूर विषारी आणि अ‍ॅल्युमिनियम वितळतं. पेटवायचं ते उघड्यावरच.

माहुली_संगम
उशिरा आलो. साताऱ्यात पाऊस लांबतो, आमचे धान्याचे डबे खालनं गंजतात, आतनं ऑइलपेंट दिला तर चालेल का?

कृष्णाकाठी
आतनं काहीच लावू नका, धान्याला लागतं ते. बाहेरनं फक्त बुडाला आणि खालच्या वीतभर पट्टीला रेडऑक्साइडचे दोन हात द्या, पूर्ण वाळवा, आणि डबा फरशीवर टेकवू नका, खाली दोन विटा ठेवा म्हणजे हवा खेळते. आमचे भिंतीपासनं पण चार बोटं लांब असतात, पावसाळ्यात भिंत ओली होते तिचा ओलावा पत्र्याला लागत नाही.